दुसऱ्या टेबलाचं कलम

आमचे हे म्हणजे नाकासमोर चालणारे. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल हिरवा होईपर्यंत उभे राहतील. पूर्वी मला कौतुक वाटायचं, आता नुसतं आठवलं तरी डोकं फिरतं.

आमची लेक पंधराव्या वर्षी अपघातात गेली. तिच्या फोनचाही चुराडा झाला. मागे राहिलं ते तिचं ऑनलाइन दुकान. क्रोशाच्या पिशव्या विकायची कार्टी, आणि टाके कसे घालायचे ते व्हिडिओत बडबडत दाखवायची. असे सत्तावीस व्हिडिओ होते. दुकान उघडताना तिने वय एकोणीस ठोकून दिलं होतं. मी स्वयंपाक करताना रोज एक व्हिडिओ लावायची. तिचा आवाज घरात असला की हाताला काम सुचायचं.

मग ऑनलाइन दुकानांचा नवा कायदा आला. तो राबवणाऱ्या सरकारी खात्यातच हे कारकून, वारसांच्या टेबलावर. माणूस गेला तर त्याच्या दुकानातले फोटो, व्हिडिओ, सगळ्याची प्रत घरच्यांना मागता येणार होती. हे खूश झाले.

"रीतसर अर्ज करू. शिक्क्यासकट प्रत येईल."

"शिक्का काय चाटायचाय? शेजारणीचा लेक पाच मिनिटांत उतरवून देईल."

"चोरून कशाला? हक्क आहे आपला."

मी शेजारणीकडे गेले नाही. तेवढा गुन्हा माझाही.

ह्यांनी अर्ज सुट्टीच्या दिवशी घरून भरला, उगाच वशिला नको म्हणून. जन्मतारीख खरी लिहिली. वर जन्माचा दाखलाही जोडला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. दुकानमालक अल्पवयीन असल्याचे आढळल्याने बालसंरक्षणाच्या कलमानुसार दुकान बंद करून सर्व मजकूर कायमचा नष्ट करण्यात आला आहे. प्रत देण्याजोगे काही शिल्लक नाही.

"हे कलम तुम्हाला माहीत नव्हतं?" मी किंचाळलेच.

"ते दुसऱ्या टेबलाचं," हे पुटपुटले. "आमच्याकडे फक्त वारसांचं."

पंधरा दिवस ह्यांनी खेटे घातले. मोठ्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाले, "कायदा मुलांच्या भल्यासाठीच आहे हो."

मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचं आणि उठायचं. शिव्या घालायच्या तरी कुणाला? माणूस पार खचला होता.

काल हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"ती कशी बोलायची गं? चार दिवस आठवतोय, येतच नाहीये. तू बोलून दाखव ना."

तुम्हीच पुसलंत, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. गॅस बंद केला आणि तिच्यासारखं "बाबा" म्हणून बघितलं. मग पुन्हा एकदा.

ह्यांनी मान हलवली. "नाही. असं नव्हतं."

नव्हतंच. पण कसं होतं, ते मलाही सांगता येईना.