आईनं कौल दिलेलं तेल

खो बिंग-हायच्या गॅरेजमध्ये नव्यानं बांधलेल्या इंजिनात पहिलं तेल कुठलं घालायचं, यावर कधी चर्चा होत नसे. कोपऱ्यातल्या पिवळ्या पिंपातलं, साधं, सगळ्यात स्वस्त. देवळाच्या मंडळाचा अध्यक्ष एकदा स्वतःच्या गाडीसाठी परदेशी तेलाचा डबा मिरवत आला होता. म्हाताऱ्यानं त्याला डब्यासकट दारात उभं ठेवलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं झापलं.

"नव्या रिंगा आणि नवा सिलिंडर म्हणजे नवरा-नवरी. आधी घासू दे एकमेकांना, मग बसतील नीट. असलं गुळगुळीत तेल ओतलंस तर कधी बसायचीच नाहीत. मग जन्मभर तेल जाळ आणि निळा धूर सोडत फीर चांगह्वा शहरभर!"

त्याची लेक बी-चू हिनं हे बोलणं सोळाव्या वर्षापासून ऐकलं होतं. आता ती चाळिशीच्या पुढे होती, नखांतलं काळं साबणानं निघत नव्हतं, आणि बापाचे गुडघे गेल्यापासून गॅरेज तीच चालवत होती. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ कियन-हो ताइचुंगला जमिनींची दलाली करायचा आणि सणाला इस्त्रीच्या शर्टात यायचा. आला की गाळ्यासमोरच्या रस्त्याची रुंदी डोळ्यांनी मोजायचा. गाळा त्याच्या हाती गेला तर वर्षाच्या आत तिथे चहाचं चकचकीत दुकान उभं राहणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. बी-चूला तो गाळा हवा होता. मालकी मिरवायला नाही. दुसरीकडे कुठं उभं राहायचं हेच तिला माहीत नव्हतं.

आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी म्हाताऱ्यानं गाळ्याचा विषय स्वतः काढला. आईची जुनी निळी मोटार कोपऱ्यात धूळ खात पडली होती. बी-चूनं तिचं इंजिन उतरवून, सिलिंडर बोअर करून, नवे पिस्टन आणि रिंगा घालून सगळं पुन्हा बांधलं होतं. फक्त तेल भरून चालू करायचं बाकी होतं. घरात आत्या होती, कियन-हो होता, शेजारपाजारचे होते. आईच्या फोटोपुढे संत्री, वाफवलेला मासा, भात, आणि त्या सगळ्याच्या मधोमध सोनेरी रंगाचे दोन डबे.

बी-चूनं डबे ओळखले. शर्यतीच्या गाड्यांचं तेल, सगळ्यात महाग, सगळ्यात गुळगुळीत. तिला वाटलं, कुणा गिऱ्हाइकानं भेट दिली असेल.

म्हातारा गुडघे धरून उठला. आईच्या फोटोकडे बघत म्हणाला, "ऐकतेस ना? तुझ्या गाडीला मी तेल आणलंय. हे तेल भरून पोरगी गाडी चालवू दे. छिंगमिंगच्या सणाला तुझी कबर झाडायला याच गाडीनं येऊ. टेकडीच्या वरपर्यंत धुराचा ठिपका न सोडता चढली, तर गाळा बी-चूच्या नावावर. चालेल?"

आणि कौल लावायच्या लाल रंगाच्या दोन लाकडी चंद्रकोरी त्यानं जमिनीवर टाकल्या. एक उताणी, एक पालथी. होकार. पुन्हा टाकल्या. होकार. तिसऱ्यांदाही तेच.

"बघा, वहिनीनं कौल दिला!" आत्यानं टाळी वाजवली. "बी-चू, नशीब काढलंस गं. नाहीतर बिनलग्नाच्या पोरीला मेल्यावर घरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांशेजारीसुद्धा जागा नसते, तुला तर अख्खा गाळा मिळतोय."

आत्याची जीभ अशीच होती. ती गोड बोलायची तेव्हा जास्त लागायचं.

बी-चू डब्यांकडे बघत राहिली. हे तेल चालत नाही, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. बापाचंच वाक्य होतं. पण समोर म्हातारा थरथरत्या हातानं चंद्रकोरी गोळा करत होता, सगळे त्याच्याकडे कौतुकानं पाहत होते, आणि तिच्या मनात भलतंच आलं. बाबा थकले. विसरले. आयुष्यभर जे गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकलं तेच आता विसरलेत, आणि लेकीला द्यायचं तर सगळ्यात महागातलं द्यावं एवढंच त्यांना उरलंय. उभ्या जन्मात बापानं तिला भेट म्हणून काही दिलं नव्हतं, पान्यांचा एक सेटसुद्धा नाही.

चार लोकांत त्यांची चूक दाखवायची? तिनं दोन्ही हातांनी डबे उचलले, कपाळाला लावले आणि म्हणाली, "चालेल, बाबा."

म्हातारा तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत होता, एवढं तिला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कुणी नसताना तिनं सोनेरी डब्यांतलं तेल एका स्वच्छ कॅनमध्ये ओतलं, कॅनवर आईचं नाव लिहिलं आणि मागच्या फळीवर ठेवून दिलं. रिंगा एकदा बसल्या की मग घालायचं. आईचं तेल वाया जाणार नव्हतं, नुसतं उशिरा जाणार होतं. मनातल्या मनात तिनं आईला तसं सांगितलंही. मग पिवळ्या पिंपातलं साधं तेल तिनं इंजिनात भरलं.

पुढचा महिनाभर तिनं त्या गाडीचं जे केलं ते एखादीनं बाळंतिणीचंही केलं नसतं. थंड इंजिन कधी रेटलं नाही, गरम झाल्यावर उगीच लाड केले नाहीत. चढावर भार द्यायचा, मग सोडायचा, पुन्हा भार द्यायचा. तेल बदलून तेच साधं तेल पुन्हा भरलं. पहिल्या तेलात धातूची बारीक चकाकी होती, दुसऱ्यात जवळजवळ नव्हती. इंजिनाचा आवाज दिवसेंदिवस गोल होत गेला. रोज संध्याकाळी म्हातारा दारातल्या खुर्चीवरून विचारायचा, "कसं काय आईचं तेल?"

"उत्तम आहे, बाबा."

"हं," म्हातारा म्हणायचा आणि सुपारीचं पान तोंडात टाकायचा.

छिंगमिंगच्या सकाळी ती गाडी पुसून दारात उभी राहिली. बापासाठी तिनं पुढच्या सीटवर उशी ठेवली होती. म्हातारा आला आणि सरळ मागे कियन-होच्या गाडीत जाऊन बसला.

"तुझ्या गाडीत बसलो तर तुझा धूर कसा दिसेल?" तो काच खाली करून म्हणाला.

ते बरोबरच होतं. आत्या फळांची टोपली मांडीवर घेऊन बी-चूशेजारी बसली आणि दोन्ही गाड्या टेकडीला लागल्या. वळणावळणावर बी-चू आरशात बघायची. मागच्या काचेपलीकडे बापाचं तोंड पुढे झुकलेलं, नजर तिच्या सायलेन्सरवर. शेवटचा उभा चढ आला. तिनं गियर खाली घेतला, पाय दाबला, आणि गाडी एखाद्या तरण्या पोरीसारखी वर निघाली. मागे धूर नाही, धुराचा वासही नाही.

वर पोचल्यावर तिला हसू आवरेना. म्हातारा काठी टेकत आला, खाली वाकला, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि ते उन्हात धरलं. कोरडी राखी काजळी. तेलाचा थेंब नाही.

"जिंकलीस गं बाई," आत्या म्हणाली.

"छान बसल्यात रिंगा," म्हातारा म्हणाला. "माझ्याहून चांगलं काम केलंस." मग बोट रुमालाला पुसत त्यानं विचारलं, "मी दिलेलं तेल कुठाय?"

बी-चूचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

"त्या तेलावर नव्या रिंगा अशा बसूच शकत नाहीत," म्हातारा आत्याला समजावून सांगू लागला, जसा गिऱ्हाइकाला सांगे तसा. "धूर यायलाच हवा होता. आला नाही, म्हणजे हिनं ते घातलंच नाही. आईनं तीन वेळा कौल दिलेलं तेल. ते कपाळाला लावून घेतलंन आणि महिनाभर रोज माझ्या तोंडावर खोटं बोलली."

"बाबा, मला वाटलं तुम्ही विसरलात," बी-चू म्हणाली. "तुम्हीच तर शिकवलंत."

"मी शिकवलेलं मी विसरेन?"

"मग दिलंत कशाला?"

"धूर आला असता तर म्हटलं असतं, हिला काम येत नाही. नाही आला, तर हिला ऐकणं येत नाही. गाळा मुलाकडेच जातो, पोरी. पण तू इतकी वर्षं राबलीस, लोक बोलले असते. कारण लागतं."

कियन-हो खुदकन हसला आणि आत्यानं डोळे वटारल्यावर गप्प झाला. केसानं गळा कापणं कशाला म्हणतात ते बी-चूला त्या क्षणी कळलं. आणि कापणाऱ्याचा हात जराही थरथरत नव्हता, हेही तिनं पाहिलं.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं असतं, की बाबा, हे तेल चालत नाही, तर?"

म्हाताऱ्यानं क्षणभर विचार केला. खोटं बोलायची त्याला गरज नव्हती.

"तर मी अडकलो असतो," तो म्हणाला. "पण तू म्हणणार नाहीस हे मला माहीत होतं. तू चांगली पोरगी आहेस."

मग त्यांनी कबर झाडली. गवत उपटलं, पिवळे कागद दगडांखाली दाबले, उदबत्त्या लावल्या. बी-चूनंही लावली. आईला काय सांगायचं ते तिला सुचलं नाही. तिथेच बसून सगळ्यांनी भाज्या गुंडाळलेल्या पातळ पोळ्या खाल्ल्या. तिच्या हातातली तशीच राहिली, ती कियन-होनं मागून घेतली.

परतताना म्हातारा तिच्या शेजारी येऊन बसला, उशी पाठीशी नीट सारून.

"ब्रेकवर जाऊ नकोस," उतार लागताच तो म्हणाला. "दुसऱ्या गियरमध्येच सोड. उतारावर रिंगा आणखी छान बसतात. गाडीही कियन-होकडेच जायची आहे, जपून ने."

तिनं त्याच्या सांगण्याआधीच दुसरा गियर टाकला होता.