दीड टनाचे शॉक

तिसऱ्या दुकानात शिरेपर्यंत त्याच्या अंगात बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. पिकअपचे मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायचे होते. पहिला दुकानदार म्हणे गॅसचेच घ्या, दुसरा म्हणे तेलाचेच. दोघांनी मिळून डोक्याचं पार भजं केलं होतं.

"मागे वजन किती असतं, दादा?" तिसऱ्याने विचारलं.

"दीड टन."

सवयीने तोंडातून निघून गेलं. खाणीवरचा कुठलाच ड्रायव्हर दीड टनाच्या खाली बोलत नाही. कमी सांगितलं की नाक कापल्यासारखं होतं. गेल्या खेपेला हेच सांगून त्याने सगळ्यात कडक शॉक बसवले होते. तेव्हापासून रिकामी गाडी खाणीच्या रस्त्यावर नुसती उड्या मारायची आणि कंबरेची वाट लागायची.

दुकानदाराने कडक जोड काढून काउंटरवर ठेवला.

"अहो, खरं सांगा की," त्याच्यासोबत आलेली त्याची बायको मागच्या बाकावरून म्हणाली. "इथे कोण ऐकतंय?"

त्याला तिचा राग आला. पण रागावायलाही दम लागतो.

"खाण निम्मी बंद पडलीये," तो शेवटी म्हणाला. "हल्ली गाडीत मी असतो आणि माझा डबा."

दुकानदाराने आतून मऊ जोड आणून बसवला.

परतताना नेहमीचा खड्डा आला. त्याने दात आवळून स्टिअरिंग धरलं. गाडी अलगद खाली गेली, अलगद वर आली.

"बघा, किती बरं वाटतंय," बायको म्हणाली.

"हं," तो म्हणाला. आता गाडीशीसुद्धा खोटं बोलायची सोय उरली नव्हती.