मामगीच्या गादीवरची बटणं

मी एक जुनी स्क्रमगाडी आहे. मैदानावरची पोरं मला मामगी म्हणतात. आमच्या वेल्सच्या खोऱ्यात आजीला मामगी म्हणतात, आणि ते नाव मी काही मागायला गेले नव्हते. मित्रांनो, गाडी म्हटलं म्हणून चाकं शोधू नका. दोन लोखंडी पट्ट्यांवर मी गवतावरून घसरते. पुढे चार जाड गाद्या, मागे बसायला एक फळी. रग्बी खेळणारी दांडगी पोरं गाद्यांना खांदे लावून मला ढकलतात आणि फळीवर वजन म्हणून कुणीतरी बसतं. एवढाच माझा धंदा. पण तो मी जसा केला तसा दुसऱ्या कुणी करून दाखवावा.

गावची कोळशाची खाण बंद झाली त्या वर्षी खाणीच्या लोहाराने उरलेल्या रुळांतून मला घडवलं. गाद्यांत चॅपलच्या जुन्या उशांतले घोड्याचे केस भरले. वरचं जाड कापड शिवलं त्याच्या बारा वर्षांच्या पोरीने, मेइनिरने. टाके वाकडे पडले तेव्हा बाप म्हणाला, "कुणाला दिसतंय?" ती म्हणाली, "मला दिसतंय," आणि सगळं उसवून पुन्हा शिवलं. तेव्हाच मी ओळखलं, ही माझ्याच जातीची आहे.

शाळा मी पाहिली नाही. अक्षर मला कळत नाही, पण खांदा कळतो. माझ्या गादीला डोकं खुपसून पोरगा उभा राहिला की तो घाबरलाय, उपाशी आहे की प्रेमात पडलाय, हे मला त्याच्या आईच्या आधी समजतं. रग्बीत दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकून एकमेकांत अडकतात आणि रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. पहिल्या रांगेच्या कडेला जे दोघे असतात, त्यांना आमच्याकडे टेकू म्हणतात. त्यातला उजवा टेकू सगळ्यात जास्त भार सोसतो. त्याच्या मानेवर डावीकडून एक जण, उजवीकडून एक जण आणि मागून सगळं गाव.

येस्टिन हा मेइनिरचा मुलगा. सोळाव्या वर्षी तो मागच्या रांगेत खेळायचा, पळायला हौशी. गावच्या संघाला शिकवणाऱ्या एल्वेदने त्याच्या मानेकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "पळणं विसर पोरा. देवाने तुला दरवाजा म्हणून बनवलंय."

एल्वेद स्वतः जुना उजवा टेकू. येस्टिन रोज पहाटे यायचा, धुकं नदीवरून उठून मैदानावर पसरलेलं असायचं तेव्हा. फळीवर मेइनिर बसायची, मांडीवर विणकाम घेऊन.

"आई, तुझं वजन वाढलंय."

"तुला ढकलायचंय की तोलायचंय?"

तो हसत हसत मला ढकलायचा. धुक्यात गोलपोस्ट दिसत नसे, तरी मी सरळ त्याच्याकडे जायचे. दोन खांदे सारखे असले की मी सरळच जाते. दवावर मागे दोन रेघा उमटायच्या, जणू कुणी आखून दिल्यात.

अठराव्या वर्षी शहरातल्या मोठ्या क्लबाने त्याला नेलं. तिथे म्हणे माझ्यासारखीच एक आहे, पण विजेची. कोण किती रेटतो त्याचे आकडे दाखवते. दाखवू दे बापडी. पहिली दोन वर्षं तो राखीव बाकावर बसला. सामन्यात घेतलं त्या दिवशी समोरच्या जाणत्या टेकूने त्याला चिखलात असा गाडला की गावात हसू झालं. तेविसाव्या वर्षी तो तिथला पक्का उजवा टेकू झाला. पंचविसाव्या वर्षी वेल्सच्या राष्ट्रीय संघाचा लाल सदरा अंगावर चढला. आमच्याकडे पहिला सदरा आपल्या गावच्या क्लबाला द्यायची रीत आहे. तो काचेत लावला, सगळ्यांनी बीअर ओतली, आणि मला कुणी विचारलं नाही.

त्या वर्षांत गावात पोरंच उरली नव्हती. मी कुंपणाशी पडून गंजले. मेंढ्या यायच्या आणि गाद्यांत मुरलेल्या घामाचं मीठ चाटायच्या. डोळा लागला की मला दूरच्या मैदानांची स्वप्नं पडत. ऐंशी हजार माणसं समुद्रासारखी गात आहेत, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, गवताला नाक लावून, माझं पोरगं श्वास धरून बसलंय. जमिनीतून तो रेटा माझ्यापर्यंत यायचा. तुम्ही हसा. मला तो यायचा.

एका नाताळात तो घरी आला आणि सहज माझ्यापाशी वाकला. डावा खांदा भक्कम लागला. उजवा असा लागला, जसा झोपलेल्या लेकराचा हात लागतो. मी करकरले. मला दुसरं येतं काय? एल्वेदने तेलाचा डबा आणला आणि माझ्या सांध्यांत तेल सोडलं. माझं तोंड बंद झालं.

मग उन्हाळा आला. येस्टिन अठ्ठावीस वर्षांचा. फ्रान्समधल्या एका बड्या क्लबाने त्याला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. त्यांच्या डॉक्टरची तपासणी दहा दिवसांवर होती, ती झाली की सह्या. अंग सुटायला नको म्हणून तो पहाटे मैदानात आला. मेइनिर जुन्या सवयीने फळीवर बसली. त्याने खांदे लावले. मी निघाले, आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी वाकडी गेले. कितीही सांभाळलं तरी उजवीकडेच वळत राहिले.

मेइनिर उतरली. तिने मागे पाहिलं. दवावरच्या दोन रेघा कोयत्यासारख्या वळल्या होत्या.

"हे काय?"

"गवत ओलं आहे, आई."

"एकाच बाजूने ओलं आहे का?"

तिने अंगातला स्वेटर काढून त्याच्यासमोर धरला. "याचं वरचं बटण लाव. उजव्या हाताने."

त्याची बोटं बटणाभोवती फिरत राहिली. बटण काही काजात जाईना.

"थंडी आहे."

"जुलैत?" ती म्हणाली. "कधीपासून आहे हे?"

"नाताळच्या आधीपासून. खांद्यापासून मुंग्या येतात. मग हात आपला राहत नाही."

"कुणाला सांगितलंस?"

"एल्वेदला."

एल्वेद तेवढ्यात मैदानावर चुना मारायला आलाच होता. तिने हाक मारली तशी त्याने चुन्याची गाडी आहे तिथेच सोडली.

"अगं मेइनिर, पहिल्या रांगेत सगळ्यांचाच हात झोपतो," तो म्हणाला. "माझाही झोपायचा, माझ्या बापाचाही. आम्ही कधी डॉक्टरला सांगितलं नाही. सांगितलं की दुसरा आत, आपण बाहेर. दहा दिवस गप्प राहू दे पोराला, फ्रान्स होऊन जाईल."

खोऱ्यातल्या टेकूंची ही रीत. बाप मुलाला सांगतो, जुना नव्याला सांगतो, आणि सांगताना डोळा मारतो.

मेइनिरने स्वेटर एल्वेदपुढे धरला. "लाव बटण."

"हा काय पोरखेळ?"

"लाव ना. साधं बटण आहे."

एल्वेदने प्रयत्न केला. मी त्याला तीस वर्षं ओळखते, पण हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या कोटाला चेन का असते आणि त्याची बायको चॅपलच्या दारात त्याच्या बाह्यांची बटणं का लावून देते, ते त्या सकाळी मला कळलं. बटण त्याच्या बोटांतून निसटलं, पुन्हा निसटलं.

"तुझा हात झोपलाय ना?" मेइनिर म्हणाली. "मग उठव की त्याला. मी थांबते इथे."

धुक्यात कुठेतरी मेंढी ओरडली.

"एकवीस वर्षं झाली, मेइनिर," एल्वेद हळूच म्हणाला. "नातीला उचलून घेताना भीती वाटते."

येस्टिन त्याच्या बोटांकडे बघत होता. लाल सदऱ्याकडेही त्याने कधी इतकं लक्ष देऊन पाहिलं नसेल. मग तो माझ्या फळीवर बसला आणि डाव्या हाताने त्याने फोन लावला. फ्रेंच त्याला धड येत नव्हतं. मोडक्या शब्दांत, स्वतःहून, त्याने त्यांच्या डॉक्टरला सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर तो रडला. मेइनिरने स्वेटर त्याच्या पाठीवर टाकला आणि आपण दुसरीकडे पाहत उभी राहिली. त्याला कुणी बघितलेलं आवडत नाही.

फ्रान्स गेलं. मानेतलं हाड शिरेवर बसलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आणि पुन्हा स्क्रममध्ये वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. गावातले काही जण म्हणाले, आईने पोराचं नशीब घालवलं. मेइनिरने त्यांना काय उत्तर दिलं ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. हिवाळ्यात त्याच्या बोटांत हळूहळू जीव आला. वसंतात त्याने स्वतःच्या हाताने माझा गंज खरवडला.

आता तो इथे शिकवतो. पोरं थोडी आहेत, पण पोरीही येतात, आणि रेटतात कशा म्हणून सांगू! मेइनिरने माझ्या गाद्यांना नवी खोळ शिवली, टाके सरळ. त्या खोळीला बटणं लावली, जुन्या कोटांची, प्रत्येक वेगळ्या रंगाचं. खेळायच्या आधी प्रत्येकाने दोन्ही हातांनी एकेक बटण लावायचं. ज्याला लागत नाही, त्याने त्या दिवशी खांदा लावायचा नाही, थेट येस्टिनकडे जायचं. त्यावर कुणी हसत नाही.

मित्रांनो, मी म्हातारी, मला उपदेशाची हौस नाही. एवढंच मागते. कुणी करकरलं की लगेच तेलाचा डबा आणू नका. आधी कुठे दुखतंय ते विचारा.

फळीवर आता मेइनिरच्या शेजारी एल्वेदही बसतो. सराव संपला, पोरं घरी गेली, की तो गाद्यांकडे येतो आणि कडेचं निळं बटण बोटांत धरतो. मेइनिर विणत राहते, वर बघत नाही. परवा ते काजात अर्धं गेलं होतं. मी अगदी स्तब्ध उभी होते, जरासुद्धा करकरले नाही.