काढलेली वाट

तिची चूक तिलाच सापडली, तीही तिचा कोड रुग्णालयाच्या यंत्रांवर चढून चार दिवस उलटल्यावर.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, नेटवर्कवरच्या माहितीला वाटा दाखवणारा एक तक्ता असतो. त्याची मांडणी तिनं नव्यानं केली होती. देखणी झाली म्हणून साहेबांनी पाठही थोपटली होती. प्रत्येक वाटेच्या नोंदीपाशी एक आकडा: सध्या ती कितीजण वापरताहेत. शून्य झाला की नोंद पुसायची. एका ठिकाणी तो आकडा वाढवायलाच ती विसरली होती. म्हणजे कुणी एखादी वाट काढली, की वापरात असलेली नोंदच पुसली जाणार आणि यंत्र जागच्या जागी बंद पडणार.

तिला सकाळचं एक बोलणं आठवलं. त्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नर्स असलेली तिची नणंद चहा पिताना म्हणाली होती, "आज अकराला आमची जुनी नेटवर्क लाइन काढायला माणूस येतोय."

अकराला सात मिनिटं कमी होती. तिनं नणंदेला फोन लावला.

"वहिनी, ड्यूटीवर आहे गं—"

"त्या लाइनवाल्याला थांबव! सगळ्या पेशंटचे ठोके दाखवणारा तुमचा मोठा पडदा बंद पडेल."

"कोण म्हणतं?"

"मी. चूक माझीच आहे."

नणंद खाली यंत्रांच्या खोलीकडे पळत सुटली. फोनमधून जिन्यावर बुटांची धडधड, मग धापा. "थांबा! हात लावू नका!"

"अहो, काढली की आत्ताच," पुरुषाचा आवाज आला.

वरून कुणीतरी ओरडलं, "पडदा गेला!" नणंद फोन त्याच्या हातात कोंबून परत वर पळाली.

"यंत्र बंद करून चालू करा," ती त्याला फोनवरून म्हणाली, "आणि सुरू होताना दिसेल त्या पहिल्या यादीतून जुनं कर्नल निवडा." त्यानं दोनदा विचारून घेतलं. धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं. वर चौदा खाटा होत्या.

चार मिनिटांनी तो म्हणाला, "आलं वाटतं." पण वरचं त्याला काय ठाऊक? ती फोन कानाला चिकटवून बसली. 

वीस मिनिटांनी फोन परत घेऊन नणंद बोलली. "सगळे ठीक आहेत. एका आजोबांचे ठोके मध्येच अडखळले. मी खाटेपाशीच उभी होते म्हणून कळलं."

तिला हुंदका आवरेना.

"रडू नकोस, वहिनी. हे आणखी कुठे चढवलंय?"

"आणखी नऊ रुग्णालयांत."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीयेस?"

तिनं त्या रुग्णालयांची यादी पुढे ओढली. पहिला नंबर लावला.