नारिंगी ड्रमापर्यंत

राणीसावरगावचा रायभान कुटुंबासह येलदरीच्या धरणाकाठी दोन दिवस राहायला जाणार, ही बातमी ते निघायच्या आधीच गावभर झाली होती. होणारच, कारण चार दिवस पारावर बसून ती सांगत होता खुद्द रायभानच. मुलानं, रामप्रसादनं, मोबाइलवरून खोली धरली होती. खोली म्हणजे पाण्याकडं तोंड करून बांधलेल्या दहा झोपड्यांपैकी एक, आत एसी आणि बाहेर झोपाळा. शेजारीच भोयांची वस्ती. तिथले पुरुष पाहुण्यांसाठी नावा चालवत आणि बाया चुलीवर मासे तळून देत. रायभानला वाटेतली चारठाण्याची जुनी देवळं आवडली, मासे आवडले, आणि एसी तर इतका आवडला की भर दुपारी त्यानं गोधडी मागून घेतली.

बिनसलं ते चारच्या सुमारास. बजरंग भोई काठाजवळच्या उथळ पाण्यात पाहुण्यांच्या मुलांना पोहायला शिकवत होता. रामप्रसादची दहा वर्षांची सृष्टी हरखून रांगेत जाऊन उभी राहिली.

"सृष्टे, माघारी ये," रायभान ओरडला. "आपल्या घरातल्या बाया पाण्यात उतरत न्हाईत."

"पण आजी तर गंगा पोहून गेली होती!"

रायभान खो खो हसला. ते हसू त्याच्या बायकोला, नर्मदाबाईला, पंचेचाळीस वर्षांपासून पाठ होतं. तिचं माहेर गंगाखेडजवळ, गोदावरीच्या, म्हणजे तिकडच्या गंगेच्या, अगदी काठावर. लग्नाआधी ती म्हशी चारायला पैलतीरी सोडायची आणि एकटी पोहून परत यायची. सासरी तिनं हे सांगितलं की रायभानचं उत्तर तयार असे, "म्हैस पोहली. ही नुसती शेपटीला लोंबकळली." घरचे हसत, पाहुणे हसत, लग्नाकार्यात तर हा किस्सा जिलबीबरोबर वाढला जाई. सासूनं पहिल्याच आठवड्यात विहिरीत उतरायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळं खरं करून दाखवायची सोयच नव्हती.

आजही तिनं ऐकून सोडून दिलं असतं. पण सृष्टी मान खाली घालून रांगेतून निघाली आणि झोपाळ्यावर येऊन बसली, ते मात्र नर्मदाबाईच्या काळजाला लागलं. आपण थापाडी ठरलो ते ठरलो, या पोरीनं का म्हणून काठावर बसायचं?

ती उठली. "बजरंग, ते पाण्यावर तरंगत्यात ते नारिंगी ड्रम किती लांब हायत रे?"

"शंभर पावलं आसतील, मावशी. त्याच्या पल्याड आमी कुणालाच जाऊ देत न्हाई."

"पल्याड कशाला? तिथवर जाते आन येते."

"याड लागलं का तुला?" रायभान ताडकन उठला. "वय काय तुझं! रामप्रसाद, आडव तुझ्या मायला!"

रामप्रसाद पुढं होणार, तोच त्याच्या बायकोनं, दिपालीनं, त्याचा दंड धरला. "जाऊ द्या आत्याबाईंना. नाव हाय की संगं."

बजरंगनं लाइफ जॅकेट पुढं केलं. "नावंत ठिव, लागलं तर मागते," नर्मदाबाई म्हणाली. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, बांगड्या वर सारल्या, पाण्याला हात जोडले आणि आत शिरली.

पहिले दहा हात फार वाईट गेले. लुगडं जड झालं, गुडघा कुरकुरला, नाकात पाणी गेलं. काठावरून रायभानचा धोशा चालूच होता, माघारी ये, माघारी ये. तेव्हा ती सरळ उताणी झाली, लहानपणी भर गंगेत दम लागला की व्हायची तशी. कान पाण्याखाली गेले आणि रायभानचा आवाज बंद झाला. काय बरं वाटलं म्हणून सांगू! श्वास जागेवर आला, ती पालथी झाली, आणि हात आपोआप चालू लागले.

ड्रमावर तिनं अशी चापट मारली की आवाज काठापर्यंत आला. येताना ती कुठं थांबलीच नाही. भोयांच्या बाया चुली सोडून पाण्याशी आल्या होत्या, पाहुणे टाळ्या वाजवत होते आणि बजरंग रिकामी नाव वल्हवत तिच्या मागं मागं येत होता. नर्मदाबाईची छाती अभिमानानं भरून आली होती.

रायभान गुडघाभर पाण्यात उभा होता, धोतर चिंब. त्याचे डोळेही कोरडे नव्हते.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"तू पोहतीस ते. सोयरीक जमायच्या आधी मी तुमच्या गावाला बैल पाह्यला आलतो. घाटावरून पाह्यलं तुला, एकटीच येत हुतीस. म्हैस नव्हतीच. घरी जाऊन मायला म्हणलं, करीन तर हीच पोरगी. माय म्हणली, नदीत पोहणारी सून नगं. तवा मीच बोललो, पोहत न्हाई, शेपटी धरून हुती. पुढं माय गेली, पर खरं सांगायला तोंडच उरलं न्हाई मला."

नर्मदाबाईला संताप आला. पंचेचाळीस वर्षं! याला इथंच पाण्यात बुचकळून काढावं असं वाटलं. आणि त्याच वेळी हसूही इतकं दाटून आलं की ती कंबरभर पाण्यात उभी राहून पोट धरून हसली.

"हे आता समद्यायला सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

रायभाननं सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण वस्तीतल्या म्हाताऱ्या सरजाबाईला पहिल्या खेपेला नीट ऐकू गेलं नव्हतं. मग तो झोपाळ्याकडं वळला.

"सृष्टे, उतर पाण्यात. पर शिकायचं ते आजीकडूनच."

सृष्टी धावतच आली. नर्मदाबाईनं दोन्ही हात पाण्याखाली आडवे धरले आणि पोर त्यांच्यावर पालथी पडली.

"पाय मार," आजी म्हणाली. सृष्टीनं असे पाय मारले की काठावरचे सगळे भिजले, आणि रायभान सगळ्यात जास्त.