उत्तर बोरीच होतं

टीव्हीवाल्यांची गाडी मुरुमच्या बाजारपेठेत आली तेव्हा शिवम्माच्या गिरणीत सात-आठ दळणं रांगेला होती. एकाच्या खांद्यावर कॅमेरा होता आणि त्याच्यासोबतच्या मुलीच्या हातात कागद. शिवम्मानं काय काय करायचं ते त्या कागदावर आधीच लिहून आणलेलं होतं. जात्यावर बसायचं, दळता दळता ओवी म्हणायची, आणि मग डोळ्याला पदर लावून सांगायचं की परिस्थितीनं शिकू दिलं नाही.

शिवम्माला आधी हसू आलं आणि मग राग. घरात जातं नव्हतंच. गिरणी सासऱ्यांच्या काळापासून विजेवर चालत होती. शिकू दिलं नाही हेही खोटं, कारण ती बारावी झालेली होती आणि उमरग्याच्या कॉलेजात वर्षभर जाऊनही आली होती. तिनं हे सगळं नीट सांगितलं. मुलगी म्हणाली की प्रेक्षकांना असंच आवडतं.

"प्रेक्षकांचं मला म्हाईत न्हाय," शिवम्मा म्हणाली. "माझी गिरणी साडेसात हॉर्सपॉवरची हाय. तिचं चित्र काढायचं तर काढा."

त्यांनी गिरणीचं थोडं चित्रण केलं, शिवम्माच्या भुवयांवर बसलेलं पीठ जवळून टिपलं, आणि मग समोरच्या बानूबाईच्या घरात शिरले. बानूबाईकडं डाळ भरडायचं जातं होतं. तिथं ते अर्धा तास होते. शिवम्माला दळणं उरकायची होती, तिनं लक्ष दिलं नाही.

टीव्हीवरच्या ज्या प्रश्नमंजूषेसाठी हे चित्रण होतं, तिथपर्यंत ती पोचली ती तिच्या लेकीमुळं. शिवांजली पाच वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. दिवसा ती गिरणीतच एका पोत्यावर बसायची, कारण घरात पाव्हण्यारावळ्यांची वर्दळ. मशीन चालू असताना आई मोठ्यानं प्रश्न विचारायची आणि लेक मोठ्यानं उत्तर द्यायची. पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोललेलं शिवम्माच्या डोक्यात असं बसायचं की पुस्तक मिटल्यावरही पान दिसायचं. पाच वर्षांनी शिवांजली तलाठी होऊन परंड्याला गेली. शिवम्माची पुस्तकं काही सुटली नाहीत. लेकीनंच एके दिवशी मोबाइलवरून महाराष्ट्राच्या प्रश्नमंजूषा स्पर्धेचा फॉर्म भरला आणि आईला नंतर सांगितलं.

सोलापूरची चाचणी झाली, मुंबईतल्या पहिल्या फेऱ्या झाल्या आणि शिवम्मा उपांत्य फेरीत पोचली. गुरुलिंग, तिचा नवरा, तेवढे दिवस एकट्यानं गिरणी सांभाळत होता आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता निकाल सांगत होता. उपांत्य सामन्यात समोर नागपूरचे एक बँक अधिकारी आणि नाशिकच्या एक डॉक्टर होत्या. कर्कवृत्त भारतातल्या किती राज्यांतून जातं, याला शिवम्मानं आठ म्हणून बटण दाबल्या दाबल्या उत्तर दिलं. घटनेच्या मसुदा समितीचे सदस्य किती, यावर दोघंही अडखळले आणि ती सात म्हणाली. सामना संपल्यावर डॉक्टरबाईंनी जवळ येऊन हात हातात घेतला आणि विचारलं, कुठं शिकलात? शिवम्मा म्हणाली, गिरणीत. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. ते शिवम्माला फार बरं वाटलं.

अंतिम सामन्याला शिवांजली रजा टाकून प्रेक्षकांत बसली होती. समोर पुण्याचा उत्कर्ष नावाचा तिशीतला प्राध्यापक. हुशार मुलगा, बोलायला नम्र. नियम साधा होता. बरोबर उत्तराला दहा गुण, चुकीला पाच वजा, आणि एकाचं चुकलं की प्रश्न दुसऱ्याकडं. दुसऱ्याला येत नसेल तर त्यानं नुसतं पास म्हणायचं. दोन प्रश्न उरले तेव्हा शिवम्मा पंच्याऐंशीवर होती आणि उत्कर्ष ऐंशीवर.

निवेदकानं कार्ड उचललं आणि हसून म्हणाला की हा प्रश्न तर शिवम्माताईंसाठी घरचाच आहे. नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणी महाल कोणत्या नदीच्या प्रवाहावर बांधला आहे?

शिवम्माचा हात प्रश्न संपायच्या आत बटणावर पडला. नळदुर्ग मुरुमहून किती लांब? लग्नानंतर पहिल्यांदा गुरुलिंगनं तिला फिरायला नेलं ते तिथंच. भर पावसाळ्यात धबधब्याचं पाणी अंगावर घेऊन भिजलेल्या साडीनं ती एसटीत बसून परत आली होती.

"बोरी," ती म्हणाली.

"चूक," निवेदक म्हणाला. "अहो ताई, आपल्याच अंगणातली नदी विसरलात?"

स्टुडिओत हशा पिकला. शिवम्माला क्षणभर वाटलं, आपल्या तोंडून भलतंच काही निघालं असेल. प्रश्न उत्कर्षकडं गेला. त्यानं कार्डाकडं पाहिलं, शिवम्माकडं पाहिलं आणि पास म्हणाला. मग निवेदकानं वाचून दाखवलं, योग्य उत्तर, तेरणा.

शिवम्मानं हात वर केला. शाळेत करतात तसा. तिनं सांगितलं की तेरणा धाराशिवच्या अंगानं जाते, नळदुर्गला ती नाहीच, तिथं बोरी आहे, तिनं स्वतः पाहिली आहे. निवेदकानं कानातल्या यंत्राला हात लावला. दिवे मंद झाले. कार्यक्रमाची निर्माती, काळा शर्ट घातलेली, पंचविशीच्या आसपासची, मंचावर आली. तिनं शिवम्माच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की कार्डं तज्ज्ञांकडून तपासलेली असतात, तक्रार असेल तर नंतर मेल करा, आता मोठ्या मनानं घ्या.

एवढ्यावर थांबतं तरी एक वेळ शिवम्मानं गिळलं असतं. पण निर्माती पुढं म्हणाली की मघाचा चेहरा फार कडक आला आहे, तेवढा तुकडा पुन्हा घेऊ. निवेदक तेरणा म्हणतील आणि तुम्ही कपाळावर हात मारून हसा. अरे हो, तेरणाच की, असं म्हणा.

शिवम्माची कानशिलं तापली. "म्या खोटं हसू?" तिनं विचारलं. "तुमचं चुकलं म्हणून?"

निर्मातीनं घड्याळ पाहिलं. शिवम्मा हसली नाही. दिवे परत लागले, पाच गुण वजा झाले, दोघांचे ऐंशी-ऐंशी. बोरी बरोबर धरलं असतं तर ती पंच्याण्णववर जाऊन तिथंच जिंकली असती. शेवटचा प्रश्न विचारला गेला तेव्हा शिवम्माच्या डोक्यात बोरीचं पाणी घुमत होतं. उत्कर्षनं बटण दाबलं, बरोबर उत्तर दिलं, आणि वरून चमकीचे कागद पडायला लागले. त्याच्या हातात ढाल दिली तेव्हा शिवम्मानं टाळ्या वाजवल्या. वाजवायच्या म्हणून वाजवल्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये शिवांजली चहाचे दोन कप घेऊन उभी होती. उत्कर्ष ढाल काखेत धरून तिथंच आला. चुळबुळ करत तो म्हणाला, "मावशी, मलाही बोरीच येत होतं. म्हणून तर मी पास म्हटलं."

शिवम्मानं त्याच्याकडं नीट पाहिलं. निर्मातीचा तिला राग होता, पण तिला नदी माहीत नव्हती, एवढं तरी होतं. ह्याला माहीत होती.

"मग तवा तोंड का उघडलं न्हाईस बाळा?" ती म्हणाली. "तीन शब्द होते. ताईंचं बरोबर हाय. झालं असतं."

तो म्हणाला, नियम परीक्षकांचे असतात, आपण मध्ये कसं बोलणार. शिवम्मानं चहा न पिताच कप खाली ठेवला.

मुरुमला आल्यावर शिवांजलीनं वाहिनीला अर्ज लिहिला. तलाठी झाल्यापासून तिला अर्ज कसा लिहायचा ते पक्कं कळलं होतं. विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं. जिल्ह्याचा नकाशा जोडला, शाळेच्या पुस्तकातलं पान जोडलं. मागणी एकच, की प्रसारण व्हायच्या आत निकाल दुरुस्त करावा. आठव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या सहभागाबद्दल आभार. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. गुरुलिंगनं ते तीन वेळा वाचायला लावलं. त्यात नदीचं नावच नव्हतं, हे त्याला खरंच वाटेना.

तीन आठवड्यांनी अंतिम सामना दाखवला. गिरणीत टीव्ही लावला होता, शेजारपाजारचे जमले होते. सुरुवातीलाच शिवम्माची ओळख आली आणि पडद्यावर जातं फिरायला लागलं. हात बानूबाईचे होते. मागं कुणीतरी ओवी गात होतं, कोण ते देव जाणे. बानूबाई स्वतःच आधी ओळखून बोलली, की ह्या बांगड्या तर माझ्या.

मग तो प्रश्न आला. बोरी. चूक. अंगणातली नदी. हशा. आणि हशानंतर लगेच शिवम्माचं हसू दिसलं. ती कपाळावरचा घाम पुसत हसत होती. उपांत्य सामना जिंकल्यावरचं हसू होतं ते, त्या दिवसाच्या निळ्या साडीतलं. अंतिम सामन्याला ती हिरव्या साडीत होती. पण जवळून टिपलेल्या चेहऱ्यात साडीचा काठ तेवढा दिसत होता, कोण बघतंय? तिनं वर केलेला हात कुठंच नव्हता. बोललेलं एक अक्षर नव्हतं. तिनं न दिलेलं हसू त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या तुकड्यातून काढून घेतलं होतं.

गुरुलिंगनं टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी बाजारात एक ओळखीचा मास्तर थांबून म्हणाला, की शिवम्माक्का, तुमची तर पाठच होती ती नदी, मग कशी चुकलात? शिवम्मा भर रस्त्यात त्याच्यावर चढलीच. मास्तर, तुम्ही भूगोल शिकवता आणि नळदुर्गला कुठली नदी आहे ते टीव्हीला विचारता? मास्तर वरमला. म्हणाला, टीव्हीवर दाखवलं म्हणून वाटलं, आपलंच चुकत असेल. शिवम्माला तेच सगळ्यात जास्त झोंबलं. तिचा पराभव एकवेळ जाऊ दे, पण इथं जन्मलेल्या माणसाला आपल्या डोळ्यांपेक्षा त्या कार्डावर जास्त विश्वास बसला होता.

रविवारी शिवांजली परंड्याहून आली. मायलेकी सकाळच्या एसटीनं नळदुर्गला गेल्या. शिवम्मानं अंतिम सामन्याचीच हिरवी साडी नेसली. पुलाजवळ नदीच्या नावाचा फलक होता, त्याच्या बाजूला ती उभी राहिली आणि लेकीनं मोबाइल धरला. शिवम्मानं काही पाठ केलं नव्हतं.

"मी शिवम्मा, मुरुमची," ती म्हणाली. "ही बोरी नदी. मला इचारलं तवा म्या बोरीच सांगितलं. मला चूक म्हणले, आणि म्या हात वर केला ते कापून टाकलं. टीव्हीवर माझं जे हसू दिसलं ते दुसऱ्या दिवसाचं हाय. साडीचा काठ बघा. आणि माझ्या घरी जातं न्हाय."

एवढंच. चाळीस सेकंदांचं. आठवड्यात ते उमरग्याहून भूमपर्यंत फिरलं. लोकांनी काठ पाहिला. शाळेच्या पोरांनी बोरीकाठी उभं राहून आपापले व्हिडिओ टाकले. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर बातमी आली, आणि तिसऱ्या दिवशी निर्मातीचा फोन.

ती आता फार गोड बोलत होती. विशेष भागात पाहुण्या म्हणून या, सत्कार करू, फक्त तो व्हिडिओ तेवढा काढून टाका. शिवम्मानं गिरणी बंद केली, म्हणजे नीट ऐकू यावं.

"मला सत्कार नको," ती म्हणाली. "ज्या वेळेला मला चूक म्हणले, त्याच वेळेला, त्याच माणसानं म्हणायचं, शिवम्माचं उत्तर बरोबर होतं. ढाल पुण्यात ऱ्हाऊ द्या."

निर्माती म्हणाली, ते शक्य नाही, निकाल बदलल्यासारखं होईल. शिवम्मा म्हणाली, निकाल बदला असं म्या आता कुठं म्हणले, खरं बोला असं म्हणले. तिनं फोन ठेवला. गुरुलिंगनं पाणी दिलं आणि दळणं पुढं सुरू केली.

पुढच्या रविवारी कार्यक्रमाच्या शेवटी, नावं वर सरकत असताना, खाली एक पट्टी आली. नळदुर्गचा पाणी महाल बोरी नदीवर आहे, चुकीबद्दल दिलगीर आहोत. वाचून होईपर्यंत गेलीसुद्धा. शिवम्माचं नाव त्यात नव्हतं. चूक कुणाची, कुणाच्या बाबतीत, काही नाही. बाजारातला तो मास्तर मुद्दाम गिरणीवर आला आणि म्हणाला, शेवटी मानावं लागलं की त्यांना. शिवम्मानं त्याला बसायला सांगितलं, पण मान काही डोलावली नाही. नदीची माफी मागितली त्यांनी, ती म्हणाली. नदीचं काय बिघडलं होतं?

उत्कर्षचा एक मेसेज आला. अभिनंदन, सत्य समोर आलं. त्याला शिवम्मानं उत्तर दिलं नाही. शिवांजली म्हणाली, काहीतरी लिही अव्वा. शिवम्मा म्हणाली, पास.

नव्या हंगामाचे अर्ज निघाले तेव्हा तिनं लेकीला परंड्याहून बोलावून घेतलं आणि गिरणीतल्या पोत्यावर शेजारी बसवलं. नाव, वय, व्यवसाय, सगळं शिवांजली भरत गेली. व्यवसायाच्या रकान्यात विजेवरची गिरणी असंच लिही, असा हुकूम झाला. पुढं रकाना होता, यापूर्वी सहभाग घेतला आहे का? होय. निकाल?

शिवांजलीचं बोट थांबलं. "उपविजेती लिहू?"

"जिंकले म्हणून लिही."

"अव्वा, फॉर्म नाकारतील."

"नाकारू देत," शिवम्मा म्हणाली आणि उठून मशीनचा खटका दाबला. पट्टा फिरायला लागला तसा तिनं आवाज चढवला. "नाकारताना कारण लिहावं लागंल. ते कारण मला त्यांच्या हातचं पायजे."