चकती बदलली, बाळ तेच

मित्रांनो, मी वेल्समधल्या एका इस्पितळातली जुनी, दमलेली काचेची पेटी आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं माझ्या उबेत वाढतात. सतरा वर्षं झाली. आता चाकं कुरकुरतात, झाकणाची कडी चिकटपट्टीवर तग धरून आहे. नवी होते तेव्हा पाहुणे माझे फोटो काढायचे. शेजारी उभ्या असलेल्या नर्सचा फोटो मात्र कोणी काढला नाही.

आमच्या भिंतीवर फळा आहे. त्यावर बाळाच्या नावापुढे चकती लावतात. लाल म्हणजे फार आजारी, त्याला अख्खी एक नर्स. पिवळी म्हणजे दोघांत एक, हिरवी म्हणजे चौघांत एक.

मार्चमधल्या एका दुपारी माझ्यात इफान होता. पाच दिवसांचा, अकराशे ग्रॅमचा, लाल चकतीचा. त्या दिवशी दोन नर्स आजारी पडल्या, बदली कोणी मिळेना, आणि बाळंतिणींच्या वॉर्डातून नवं बाळ येतंय असा निरोप आला. मुख्य नर्स मेनिर फळ्यापाशी गेली. तिनं इफानची लाल चकती काढून पिवळी लावली. आकडे जुळले. इफान सकाळी होता तसाच होता.

"मला दोनच हात आहेत गं, तिसरा मागवलायस का?" असं मेनिरला म्हणत त्याची नर्स नेरिस आता तिच्याच वाट्याला आलेल्या दुसऱ्या बाळाकडे वळली. त्या बाळाची नळी बदलताना तिचे हात गुंतले, आणि इकडे इफानचा श्वास थांबला. धोक्याची घंटा वाजवत मी कोकलत सुटले. त्याची आई लाउरी काचेला हात लावून उभी होती. तो निळा पडत चालला. ओरडण्यापलीकडे मला काही येत नाही हो.

मेनिर धावत आली. माझ्या गोल खिडकीतून हात घालून तिनं त्याची पाठ चोळली, नाकातोंडावर मास्क धरून श्वास दिला. इफान रडला. तीही रडली.

मग तिनं लाल चकती परत लावली आणि फोन उचलला.

"नवं बाळ घेता येणार नाही. पेटी आहे, नर्स नाही."

ते बाळ तीन तासांवरच्या इस्पितळात गेलं. त्याची आई ओल्या टाक्यांनिशी इथेच राहिली. दोन दिवस तिला लेकरू दिसलं नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही इस्पितळं चालवाल. पेट्या मोजण्याआधी माणसं मोजा, एवढंच मागणं. त्या बाळासाठी माझ्या शेजारची पेटी गरम करून ठेवली होती. ती बंद करायलाही कोणाला सवड झाली नाही. संध्याकाळपर्यंत ती रिकामीच तापत राहिली.